जमनाबाईचे पाच किलो

बेंगळुरूतल्या बनशंकरीच्या मागच्या अंगाला, बंगले संपून पत्र्याची घरं सुरू होतात तिथं, जयतीर्थचं रेशनचं दुकान आहे. त्या दुकानातून जमनाबाईला सलग तिसऱ्या महिन्यात हात हलवत परत यावं लागलं, तेव्हासुद्धा भांडण काढायचं तिच्या मनात नव्हतं. ते ठरलं दुसऱ्या दिवशी दुपारी, गावाकडून नवऱ्याचा फोन आल्यावर.

पहिल्या महिन्यात जयतीर्थ म्हणाला होता, सर्व्हर डाऊन आहे. दुसऱ्या महिन्यात म्हणाला, साठा संपला. तिसऱ्या महिन्यात त्यानं नवं कारण शोधायचीही तसदी घेतली नाही. खिडकीशेजारी खडूनं लिहिलेली एक पाटी टांगली होती, तिच्यावर नुसतं बोट ठेवलं. जमनाबाई कन्नड फाडफाड बोलायची, पण तिला ते वाचता येत नव्हतं. रांगेत मागं उभ्या असलेल्या शेजारच्या यल्लव्वानं वाचून दाखवलं, "परराज्यातली कार्डं इथं चालणार नाहीत."

"तुमच्या गावात घ्या, अक्का," जयतीर्थ म्हणाला. "इथलं धान्य इथल्यांना."

"बावीस वर्सं झाली की मला हितं."

"मग इथलं कार्ड काढा. बरं, पुढं कोण?"

पुढं यल्लव्वाच होती. तिनं अंगठा लावला, मशीन टुंई करून वाजलं, पिशवी भरली. दोघी घराकडं निघाल्या. यल्लव्वा अथणी तालुक्यातली, जमनाबाई जत तालुक्यातली. दोघींच्या गावांच्या मधून एक ओढा वाहतो. उन्हाळ्यात त्यात गुडघाभरसुद्धा पाणी नसतं. भाकरी तीच, यात्रा तीच, सोयरीकही इकडची तिकडं. पण ओढ्याच्या पलीकडं कर्नाटक आणि अलीकडं महाराष्ट्र. त्यामुळं कर्नाटक सरकारच्या योजनांतून यल्लव्वा बसमध्ये फुकट बसायची, तिच्या खात्यात महिन्याला दोन हजार पडायचे. जमनाबाई तिकीट काढून तिच्या शेजारी बसायची. याचं तिला कधी फारसं वाटलं नाही. माझ्या बापानं ओढ्याच्या अलीकडं घर बांधलं त्याला कोण काय करणार, असं म्हणून ती हसायची.

पण महिन्याचे हे माणशी पाच किलो तांदूळ वेगळे होते. हे दिल्लीचं धान्य, देशात कुठंही घ्या, असं त्या दोघींना वस्तीतल्या शिबिरात ओरडून ओरडून सांगितलं होतं. वर्षभर तिनं ते घेतलंही होतं. आधीचा दुकानदार द्यायचा. तो गेला, जयतीर्थ आला, आणि पाटी लागली.

कार्डावर तीन नावं होती. नवरा मालोजी, त्याची म्हातारी आई आणि जमनाबाई. लग्नानंतर दोनच वर्षांनी नवराबायको बेंगळुरूला आले. हेब्बाळकडच्या काचेच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा जमनाबाईनं घमेली वाहिली, मालोजीनं सिमेंटच्या गोण्या फोडल्या. पंधरा वर्षांनी त्याच्या छातीत असं काही बसलं की दहा पायऱ्या चढला तरी धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, धूळ सोडा. तो गावी आईजवळ गेला, चार शेरडं राखू लागला. जमनाबाईनं घमेलं सोडलं आणि बनशंकरीतल्या चार घरी भांडी आणि स्वयंपाक धरला. एक कार्ड, दोन चुली. दोघांचं धान्य तिकडं, एकीचं इकडं, असा हिशेब बसला होता.

मालोजीचा फोन आला तेव्हा ती तिसऱ्या घरची भांडी घासत होती.

"अगं, रेशनवाला काय म्हणतोय ऐक," तो धापा टाकत म्हणाला. "तुझी केवायसी झाली न्हाई. या महिन्याच्या आत अंगठा लागला न्हाई तर तुझं नाव कापणार."

"कापणार म्हंजी?"

"कार्डावरनं काढून टाकणार. त्यांच्या लेखी तू न्हाईसच मग."

"अन् केवायसी हुती कुटं?"

"कुटल्याबी दुकानात हुती म्हणं. तिथंच कर की."

"हितला करत न्हाई. उभं करून घेत न्हाई मला."

"मग ये गावाला." एवढं बोलून त्याला खोकला आला.

गावाला जायचं म्हणजे जाऊन-येऊन चार दिवस. चार दिवस चार घरांना सुट्टी दिली की त्यातली दोन घरं तरी दुसरी बाई बघणार. जमनाबाई हातातलं पातेलं खाली ठेवून तशीच उभी राहिली. धान्य मिळालं नाही म्हणून इतक्या वर्षांत ती कुणाशी भांडली नव्हती. गेले दोन महिने विकतचे तांदूळ खाल्ले, तेही गिळले. पण आपण जिवंत असताना कुणीतरी कागदावर आपल्या नावावर काट मारणार, हे तिला गिळेना.

"कापतोय नाव," ती पातेल्याला म्हणाली. "कापून तर बघ म्हणावं."

*

चौथं घर शाल्मलीचं. ती पुण्याची, हेब्बाळच्या एका कंपनीत कामाला, आठवड्यातले दोन दिवस घरूनच काम करायची. जमनाबाईनं कणीक मळता मळता सगळं सांगितलं. शाल्मलीनं कानातला हेडफोन काढून ठेवला आणि नीट ऐकलं.

"मावशी, पाच किलोच ना?" ती म्हणाली. "मी दर महिन्याला दहा किलोची बॅग ऑर्डर करते तुमच्यासाठी. सिरियसली. कशाला त्या माणसाच्या तोंडी लागताय?"

"नको ताई."

"अहो, मला काही जड नाहीये."

"तुमाला जड न्हाई, ठाव हाय. पर तुमी देताय ती तुमची मेहेरबानी. उद्या तुमी पुण्याला परत गेलासा, नवी बाई आली, तिनं न्हाई दिलं, तर मी तिला जाब इचारू शकती का? त्याला इचारू शकती."

जमनाबाईनं परातीतली कणीक उलटी केली आणि तिच्यावर मूठ दाबली.

"ताई, तुमचं मत कुटं हाय?"

"व्होटिंग? पुण्यातच आहे अजून. बदलायचं राहिलंय. का?"

"तुमाला कुणी म्हणलंय का, तुमी पुण्याच्या, हितल्या मेट्रोत बसू नगा? हितल्या बागंत फिरू नगा? पाणी पुण्याला जाऊन भरा?"

"अहो, पण रिक्षावाले भांडतात की माझ्याशीही, कन्नड येत नाही म्हणून." शाल्मली हसली. मग तिचं हसू आपोआप मावळलं. "पण नाही. असं नाही म्हणत कुणी."

"मला म्हणत्यात. मला तर कन्नड येती."

शाल्मलीनं लॅपटॉप ओढून घेतला. पोळ्या होईपर्यंत ती वाचत होती. वाचता वाचता तिचा चेहरा बदलत गेला. नियम स्पष्ट होता. कार्ड कुठल्याही राज्यातलं असो, दिल्लीचं धान्य देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात मिळायला हवं. केवायसीही कुठंही व्हायला हवी. आणि बाहेरच्या कार्डावर दुकानदारानं जेवढं धान्य दिलं, तेवढं त्याला पुढच्या साठ्यात भरून मिळतं.

"म्हंजी त्याचं काय बी जात न्हाई?"

"काहीच नाही. इथल्या लोकांचंही कमी होत नाही."

"मग मला अर्ज करून द्या. कन्नडमधे."

कन्नड अर्ज लिहायला शाल्मलीनं आपल्या ऑफिसमधल्या प्राणेशला फोन लावला. तो मूळचा धारवाडचा. त्यानं अर्ध्या तासात एका पानाचा अर्ज पाठवला, नियमाचा क्रमांक वगैरे घालून. शाल्मली छापायला जाणार तोच जमनाबाई म्हणाली, "खाली दोन वळी मोकळ्या सोडायला सांगा."

"कशाला?"

"तो न्हाई म्हणला तर त्यानं तिथं तसं लिवायचं. नाव घालून, सही करून."

*

वस्तीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. दोन दिवसांनी जयतीर्थनं जमनाबाईला रस्त्यातच गाठलं. माणूस गोड बोलणारा. कपाळावर गंध, गळ्यात उपरणं.

"अक्का, कशाला अर्ज-बिर्ज? माझ्या ओळखीचा एक जण आहे. तुम्हाला इथलं कार्ड काढून देतो."

"आणि गावाकडचं?"

"त्यातून नाव काढायचं. फक्त एक कागद लागेल, नवऱ्यानं टाकलंय असा. तुम्ही एकट्या, निराधार. मग तांदूळही इथला, वर महिन्याला दोन हजार, बसही फुकट. पाच किलोसाठी भांडण्यापेक्षा हे बरं नाही का?"

खोटं कशाला बोला, जमनाबाईला ते दोन हजार हवे होते. मालोजीची औषधं त्यात आली असती. ती घरी आली, पाणी पिऊन उंबऱ्यावर बसली. यल्लव्वा तिच्याशेजारी येऊन टेकली.

"घे की गं," यल्लव्वा म्हणाली. "सगळी घेतात. नुसता कागद असतो तो."

"कागदच तर असतो सगळा. कागदावर नाव हाय तर मी हाय." जमनाबाई म्हणाली. "मालोजीनं मला टाकलं न्हाई, यल्ला. त्याला सिमिटानं टाकलं. आता मी बी टाकू व्हय?"

यल्लव्वाचा स्वतःचा नवरा खरोखरच टाकून गेला होता, आणि तिला तो कागद काढायला अडीच वर्षं लागली होती.

पुढच्या दोन दिवसांत जमनाबाई वस्तीतल्या घराघरांत फिरली. बाहेरची कार्डं असलेली माणसं तिला वाटलं त्यापेक्षा जास्त निघाली. अनंतपूरकडची दोन तेलुगू कुटुंबं, सोलापूरच्या दोघी बहिणी, लिफ्ट बसवायच्या कामावरचे तिघे बिहारी, आणि रात्रपाळीचा वॉचमन असलेला एक ओडिया म्हातारा. कुणी म्हणालं, दुकानदाराशी वैर कशाला. कुणी म्हणालं, आपण परके, आपण गप्प राहावं. त्यांना ती एकच सांगायची, "परकं कशानं? तुझ्या हातची लिफ्ट हितली माणसं वर-खाली वापरत्यात न्हवं?" शेवटी नऊ जण तयार झाले.

*

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते दहा जण रांगेत पहिले उभे होते. जयतीर्थनं खिडकी उघडली, रांग बघितली आणि पाटी सरळ केली.

जमनाबाईनं कार्ड, आधार आणि अर्ज खिडकीत ठेवला. "अंगठा घ्या. केवायसी करा, धान्य द्या."

"अक्का, सांगितलं ना."

"मग हितं लिहून द्या. ह्या दोन वळी त्याच्यासाठीच हाईत. हिला धान्य दिलं न्हाई, कारण ही बाहेरची. खाली तुमचं नाव, दुकानाचा नंबर, आजची तारीख."

"असं काही लिहून देत नसतात."

"पाटीवर लिवता येतं, कागदावर येत न्हाई?"

मागं कुणीतरी खुसखुसलं. जयतीर्थच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाजूला व्हा. लोक खोळंबलेत."

"मी हितनं हालत न्हाई. धान्य तरी द्या न्हाईतर कागद तरी द्या."

रांग आता रस्त्यापर्यंत गेली होती. त्यात शिवलीला होती, मार्केटबाहेर भाजी विकणारी, आवाज पहाडी. तिची विक्रीची वेळ चालली होती. "ए बाई!" ती मागून ओरडली. "आमचंच आम्हाला पुरत नाही आणि तुम्ही कुठून कुठून येऊन बसता! तुमच्या राज्यात जा की!"

जमनाबाई खिडकी न सोडता मागं वळली आणि कन्नडमध्येच बोलली, आवाज चढवून, म्हणजे शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "तुझ्या वाटणीतला एक दाणा मला नको. मी घेतलेलं धान्य सरकार ह्यांना वेगळं भरून देतं. कागदावर आहे, वाच. तुझं कमी पडतं ते का पडतं, ते मला विचारू नकोस. ते ह्यांना विचार."

सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. शिवलीला पुढं आली, तिनं अर्ज घेतला आणि ओठ हलवत वाचला. पूर्ण वाचून झाल्यावर तिनं तो परत ठेवला. ओरडणं मात्र थांबलं.

"सर्व्हर नाहीये," जयतीर्थ म्हणाला. "आज बाहेरच्यांचं काही होणार नाही. चला, इथली कार्डं पुढं या. यल्लव्वा, ये."

यल्लव्वा जमनाबाईच्या मागंच उभी होती. ती पुढं आली, मशीनजवळ हात नेला, आणि तो पदरात गुंडाळून घेतला.

"हिचं झाल्याशिवाय मी अंगठा लावणार नाही," ती म्हणाली.

"तुझा काय संबंध?"

"माझा नंबर तिच्या मागं आहे. एवढाच संबंध."

जयतीर्थनं पुढच्या बाईला बोलावलं. ती यल्लव्वाच्या शेजारची. तिनं यल्लव्वाकडं पाहिलं, मग जमिनीकडं पाहिलं आणि जागची हलली नाही. तिच्यामागची एक बाई मात्र पुढं गेली, तिनं अंगठा लावला, आणि मशीन टुंई करून वाजलं.

"आता कसा काय आला सर्व्हर?" शिवलीलाच म्हणाली, त्याच पहाडी आवाजात.

मग मात्र गलका झाला. जयतीर्थनं खिडकी अर्धी ओढून घेतली आणि फोन लावला. अर्ध्या तासात फूड इन्स्पेक्टर दयानंद स्कूटरवरून आले. पन्नाशीचे, दमलेले, हेल्मेट न काढताच त्यांनी विचारलं, "काय गडबड आहे?" एकाच वेळी वीस जण सांगू लागले. जमनाबाईनं फक्त अर्ज पुढं केला.

त्यांनी तो वाचला. मग हेल्मेट काढून परत एकदा वाचला. त्या दोन मोकळ्या ओळींवर त्यांची नजर थबकली.

"ह्या कशासाठी?"

"साहेब, न्हाई म्हणायचं असेल तर तुमी लिवलं तरी चालंल."

दयानंदनी तिच्याकडं निरखून बघितलं. मग ते खिडकीकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "जयतीर्थ, हे मला लिहायला लावू नका. आणि पाटी उतरवा."

"सर, साठा..."

"जरा थांबा आणि मी सांगतो ते करा."

जमनाबाईनं अंगठा ठेवला. मशीननं लाल दिवा दाखवला. दुसऱ्यांदा लाल. तिसऱ्यांदाही लाल. बावीस वर्षांच्या सिमेंटनं आणि भांड्यांच्या भुकटीनं तिच्या बोटावरच्या रेषा केव्हाच घासून नेल्या होत्या. जयतीर्थच्या चेहऱ्यावर हसू उमटायला लागलं. "बघा सर, जुळतच नाही. मी काय करू?"

एवढं करून आपला अंगठाच आपल्याला ओळखत नाही? जमनाबाईनं तो हात उचलून दयानंदच्या डोळ्यांसमोर धरला, पाचही बोटं पसरून.

"हेब्बाळला तुमच्या त्या काचेच्या इमारती हाईत न्हवं, साहेब? तिथं गेलाय अंगठा. तिथं जाऊन बघा, जुळंल."

रांगेत कुणी हसलं नाही. दयानंद क्षणभर त्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "डोळ्याचं मशीन काढा."

ते मशीन फळीवर खोक्यात पडून होतं. खोकं उघडलेलंसुद्धा नव्हतं. ते जोडायला वीस मिनिटं गेली. जमनाबाईनं डोळा लावला, पापणी न हलवता, श्वास रोखून. हिरवा दिवा लागला, केवायसी झाली. पावती बाहेर आली. यल्लव्वानं ती हातात घेऊन मोठ्यानं वाचली, जमनाबाईचं नाव, मालोजीचं नाव, जत तालुका, पाच किलो.

जमनाबाईनं पिशवी पुढं केली. तांदूळ पडत असताना तिनं काट्यावरची नजर काढली नाही. भरून झाल्यावर ती घरी गेली नाही. बाकीच्या नऊ जणांचं होईपर्यंत दोन तास तिथंच पायरीवर बसून राहिली. सहा जणांना मिळालं. एका तेलुगू कुटुंबाचं कार्ड तिकडंच बंद पडलेलं निघालं. त्या नवरा-बायकोला परत जावं लागलं. ओडिया म्हाताऱ्याचा अंगठाही जुळेना आणि मोतीबिंदूमुळं डोळाही. दयानंदनी त्याचं नाव डायरीत लिहून घेतलं. म्हातारा हात जोडू लागला तेव्हा जमनाबाई त्याच्यावर खेकसली, "हात कशाला जोडतोस? कधी येऊ ते इचार." त्यानं विचारलं. दयानंदनी तारीख दिली.

त्या दिवशी दुपारी तिनं मालोजीला फोन केला. "नाव ऱ्हायलं."

"खरं?" तो म्हणाला. "आई, ऐकलंस का, नाव ऱ्हायलं!" आणि पलीकडं म्हातारी काहीतरी मोठ्यानं बोलली, ते खोकल्यात नीट ऐकू आलं नाही.

*

पुढच्या महिन्यात दुकानावर नवी पाटी लागली होती. परराज्यातल्यांसाठी फक्त शेवटचा मंगळवार. यल्लव्वानं ती वाचून दाखवली तेव्हा महिन्याची नऊ तारीख होती. जमनाबाई रांगेत उभी होती. तिच्यामागं या वेळी नऊच्या जागी सतरा जण होते. दयानंदनी दिलेल्या तारखेला जाऊन ओडिया म्हातारा धान्य द्यावं असा कागद घेऊन आला होता, तोही त्यात होता.

"मंगळवारी या," जयतीर्थ आतून म्हणाला.

"बसतो की मंगळवारपर्यंत," जमनाबाई म्हणाली, आणि दुकानाच्या पायरीवर ऐसपैस बसली. तिच्यामागं सतरा जण बसले. रांगेला खिडकीपर्यंत जायला वाट उरली नाही.

थोड्या वेळानं शिवलीला भाजीची रिकामी टोपली घेऊन तिच्याशेजारी टेकली. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलली, भाव काय, ऊन किती. मग हळूच म्हणाली, "माझा मुलगा पुण्यात आहे. गवंडी. सूनही तिकडंच. तिला तिथला दुकानदार रेशन देत नाही. म्हणतो, कर्नाटकात जा." तिनं ओशाळून टोपलीच्या काठावरून बोट फिरवलं. "तिला मराठी धड येत नाही. तू जरा सांगतेस का, काय बोलायचं ते?"

जमनाबाईनं तिच्याकडं बघितलं. ते ओरडणं तिला आठवत नव्हतं असं नाही. "लाव फोन," ती म्हणाली.

पलीकडून एक घाबरा, कोवळा आवाज आला. जमनाबाई आधी कन्नडमध्ये नियम सांगू लागली, मग एकेक मराठी वाक्य तोडून तोडून तिच्याकडून म्हणून घेऊ लागली. "हळू न्हवं, बाई. जोरात म्हण. रांगंतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पायजे."

पोरगी तिकडं जोरात म्हणू लागली. आणि इकडं खिडकी पूर्ण उघडली. जयतीर्थनं बाहेर डोकं काढलं आणि त्रासून हाक मारली, "अक्का, चला या, लावा डोळा. मशीन चालू केलंय."

जमनाबाईनं फोन कानाला तसाच ठेवला आणि दुसरा पंजा त्याच्याकडं उंच केला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "बोलतीया मी."